बेणं

३ मार्च
आज नव्या कामावर रुजू झालो. मळा बघून जीव हरखला. कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, रोपं माणसाच्या डोक्यावरून गेलेली, पानं पंजासारखी पसरलेली. कसाव्याचं बी पेरत नाहीत. खोडाच्या वीतभर कांड्या तोडून लावतात, त्यालाच बेणं म्हणायचं. इथलं सगळं बेणं आता माझ्या हाताखाली. मळ्याला लागून दोन खोल्यांचं घर. मागच्या दाराची बिजागरी सैल होती, ती मीच बसवली. बायको ओट्यावर बरण्या मांडत म्हणाली, वारा छान खेळतो. मुकादमानं मजुरांना माझी ओळख करून दिली, की हे नवीन बेणं आलंय. सगळे पोट धरून हसले. मी सोडून.

७ मार्च
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. रोपांच्या डॉक्टर, माणसांच्या नव्हेत. म्हणाल्या, खोडांवर बुरशी आहे, प्रत्येक रोप कापल्यावर सुरी औषधाच्या पाण्यात बुडवा. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण अर्धं आयुष्य कलमं बांधण्यात गेलं. औषधानं पात्याची धार जाते, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. मान डोलावली आणि बादली बाजूला सारली.

१५ मार्च
खोडांवर खोलगट काळे डाग, कडा तांबूस. शेंडे माना टाकतायत. चर खणून पाणी काढलं, रोगट पानं जाळली, तरी डाग पुढच्या ओळीत हजर. मुकादम म्हणतो, तुम्ही कापत जाता तसा रोग मागोमाग येतो. त्याला सुनावलं, ज्याला धार लावता येत नाही त्यानं सुरीबद्दल बोलू नये. बायको बेण्याच्या मोळ्या बांधायला आली होती. अंगठ्यात खोडाचं कुसळ घुसलं. सुरीच्या टोकानं अलगद काढून दिलं. रक्ताचा एक थेंब, बस. हात असा पाहिजे.

२२ मार्च
बायकोचा अंगठा बरा होत नाही. खोलगट काळा डाग. कडा तांबूस. दवाखान्यातल्या डॉक्टरनं लांबूनच बघून मलम लिहून दिलं. मी विचारलं, अजिबात न दुखणारी जखम कधी पाहिलीत का? त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. असल्या पदव्या काय चाटायच्या? डाग मनगटावर चढलाय. ती मात्र मलाच हसते, की जखम माझी आणि कण्हताय तुम्ही.

२७ मार्च
मलम म्हणजे नुसता चिकटपणा. शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन करून डागाचं वर्णन सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या ओळीतलं रोप? काय सांगणार? फोन ठेवला.
तिच्या हातावर गाठी आल्यात. एकाआड एक, डावीकडे, उजवीकडे. खोडावर जिथून कोंब फुटतो त्या जागेला आम्ही डोळा म्हणतो. असे डोळे मी जन्मभर पाहिलेत. माझी चूक होणार नाही. व्हायला हवी होती.

३० मार्च
जेवत नाही. फक्त पाणी. आज भर उन्हात सरीत उभी होती, घोट्यापर्यंत पाय मातीत. मजूर बघायला जमले, मुकादमानं त्यांना हाकललं. चल घरात, किती वेळा म्हणू? म्हणाली, "अहो, आत फार कोरडं आहे."

२ एप्रिल
कोपराशी एक डोळा फुटला. कोवळं पान, पंजा उघडलेला —
डागाच्या वर कापलं की उरलेलं वाचतं. खोडाचं. तिनं हात पुढेही केला. सुरी धरली आणि — माझाच हात, इतका तयार हात, ऐन वेळेला —
नाही जमलं.

३ एप्रिल
आता सरीतून हलतच नाही. मुकादम म्हणतो, ओळच्या ओळ जाळायची, डॉक्टरीणबाईंचा हुकूम. ती त्या ओळीत आहे, गाढवा. भांडलो. ऐकत नाही. कोणीच धड ऐकत नाही.
ते यायच्या आत मुळासकट काढतो.

दुपार
हातांनीच उकरतोय. कुदळीचा घाव बसेल तिला. घोट्याखाली पाय — पाय नाहीत. कंद. मनगटाएवढे. ती वाकून बघते, म्हणते, "किती छान धरलंय, नाही?"
दम लागला. तिच्याशेजारी सरीत बसलो. माती गार आहे.
आले. मुकादमाच्या हातात रॉकेल, मागे डॉक्टरीणबाई. मी सांगतोय, जपून काढलं तर जगेल ती, मला कळतं यातलं. तिच्याकडे कोणी बघतच नाही. माझ्या पायांकडे काय बघताय? डॉक्टरीणबाई म्हणतात, उठून दाखवा. त्यात काय मोठंसं — उठतो ना — हा आत्ता उठ