पट्ट्यांची स्थिती समाधानकारक

३ जून

रस्ते खात्याकडून उत्तर आलं. बाजारासमोरचं झेब्रा क्रॉसिंग अस्तित्वात आहे, मार्चमध्ये रंगवलं आहे आणि पट्ट्यांची स्थिती समाधानकारक आहे!

शिट्टीबाई आणि मी ते पत्र घेऊन थेट बाजारासमोर गेलो. शिट्टीबाई म्हणजे आमच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या अध्यक्ष. शाळेत खेळ शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, गळ्यातली शिट्टी झाली नाही. तिथे डांबर, धूळ, गाड्यांखाली जाऊन जाऊन चपटी झालेली एक चप्पल. पट्टा एकही नाही. बाईंनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. "समाधान कुठे दिसतंय का गं तुला?" म्हणाल्या.

पत्राखाली उपअभियंत्यांची सही. ती मी झोपेतही ओळखेन. आमच्या लग्नाच्या नोंदणीवर तीच आहे.

४ जून

जेवताना यांना विचारलं, पट्टे कुठे आहेत?

"घरात ऑफिस आणायचं नाही. ठरलंय ना आपलं?"

"एका वाक्यात सांगा."

"लेखी विचार. नियमाप्रमाणे उत्तर मिळेल." आणि भाजीसाठी ताट पुढे केलं. मीही नियमाप्रमाणे जरा ताटकळत ठेवलं.

५ जून

अर्ज लिहिला. म्हटलं, जाताना घेऊन जा. तर म्हणे असा हातोहात घेता येत नाही, आवक विभागात द्यावा लागतो. मग दोघं एकाच स्कूटरवरून गेलो. मी खिडकीशी रांगेत उभी राहिले, ते जिन्याने वर गेले. वळून पाहिलंसुद्धा नाही. हेल्मेट मात्र माझ्याकडेच विसरले.

९ जून

आज घड्याळवाले आजोबा व्यायामाला आले. एप्रिलमध्ये बाजारासमोरच गाडीने उडवलं त्यांना. तेव्हापासून त्यांचा गुडघा माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आणि आमची संस्था त्या रस्त्यावर. मी पाय वाकवून घेत होते तेवढ्यात वकीलसाहेब आले – संस्थेचे तिसरे आणि शेवटचे सभासद. पोलिसांचे कागद घेऊन आले होते. त्यात लिहिलंय: तिथे क्रॉसिंग नसताना वृद्धाने रस्ता ओलांडला, चूक वृद्धाची.

मी म्हटलं, बरोबरच आहे, क्रॉसिंग नाहीच तिथे. आपण तरी दुसरं काय ओरडतोय?

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "तीच तर गंमत आहे. पट्टे नव्हते असं आपण सिद्ध केलं, की आजोबांची भरपाई गेली. पट्टे होते असं ठरलं, तर चूक गाडीवाल्याची."

"म्हणजे आपण आजोबांच्या विरुद्ध?"

"सध्या आपण आणि पोलीस एका बाजूला. आजोबा आणि तुमचे मिस्टर दुसऱ्या."

आजोबा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाले, "असं असेल तर पाय जरा बेताने वाकवा, बाई."

मला हसू आलं आणि मग दिवसभर कसंसंच होत राहिलं. पट्टे नाहीत हे आम्ही म्हणायचंच नाही, तर ते मारणार कोण? आणि म्हटलं, तर या म्हाताऱ्याचं काय?

१७ जून

संयुक्त पाहणी. खात्याचे लोक, पोलीस, आम्ही. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री मीच केली होती. मला म्हणाले, "अर्जदारांनी कडेला उभं राहावं." बरं, साहेब.

आधी ठरलं की पट्टे धुळीखाली आहेत. झाडू मागवला. झाडलं. खाली डांबर. मग पाणी मारलं. ओलं डांबर. मग यांच्या वरिष्ठांना आठवलं की मे महिन्यात रस्त्यावर नवीन थर टाकला होता. म्हणजे पट्टे त्याच्या खाली!

पोलीस म्हणाले, "थराखालचं ड्रायव्हरला कसं दिसणार?"

"ते आमच्या खात्याकडे येत नाही," वरिष्ठ म्हणाले.

मे महिन्यात थर पडला, आजोबा एप्रिलमध्ये पडले, पट्टे मार्चमधले; म्हणजे तेव्हा ते वरच दिसायला हवे होते. हा हिशोब मी मोठ्याने मांडला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच कोणाला उडवलंय. हे शर्टाचं बटण चाचपत राहिले. शेवटी अहवालात लिहिलं: पट्टे अस्तित्वात आहेत, परंतु दृश्यमान नाहीत. सगळ्यांनी सह्या केल्या. शिट्टीबाईंनी फक्त शिट्टी वाजवली.

२१ जून

कल्पना शिट्टीबाईंची. रंग मारायला परवानगी लागते, चादर अंथरायला लागत नाही. घराघरांतून पांढऱ्या चादरी गोळा केल्या, लांब घड्या घातल्या, पहाटे रस्त्यावर ओळीने अंथरल्या, कडेला विटा ठेवल्या. आणि काय सांगू – गाड्या थांबल्या! बस थांबली. भाजीवाल्या टोपली घेऊन राणीसारख्या पलीकडे गेल्या. एकजण तर उगाचच पुन्हा पुन्हा ये-जा करत होती. म्हणाली, या रस्त्यावर कधी सावकाश चालले नव्हते.

दुपारच्या आत खात्याचा ट्रक आला. अतिक्रमण म्हणून चादरी जप्त. पंचनामा करायला उपअभियंता. एकेक चादर उचलून लिहीत होते: पांढरी, सुती, डबल. एका चादरीपाशी थांबले. कडेला निळे टाके, कोपऱ्यात चहाचा डाग. माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

लिहिलं त्यांनी. पांढरी, सुती, डबल, मालक अज्ञात.

२२ जून

गादी उघडी आहे. दोघांपैकी कोणीही दुसरी चादर काढलेली नाही.

३० जून

आजोबांच्या भरपाईची सुनावणी झाली. आजच लिहायला हवं.

मोठ्या मॅडम, म्हणजे जिल्हाधिकारी, अध्यक्षस्थानी. आधी आजोबांना विचारलं, पट्टे होते का? आजोबा काठी टेकून उभे राहिले आणि धडधडीत म्हणाले, होते. किती रुंद होते, कसे चमकत होते, मी पहिल्यावर पाय ठेवला, दुसऱ्यावर पोहोचलो आणि गाडी आली – सगळं सांगितलं. इतकं छान सांगितलं की क्षणभर मलाच ते दिसायला लागले. खात्याच्या लोकांनी माना डोलावल्या. ज्याला त्यांनी पाडलं तोच त्यांचा साक्षीदार! आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी रागावले नाही त्यांच्यावर. कुठल्या तोंडाने रागावणार?

मग मॅडमनी यांना विचारलं. फक्त "होते" म्हणायचं होतं. खातं सुटलं असतं, आजोबा सुटले असते, हे सुटले असते. घरी चादर आली असती.

हे उभे राहिले. नेहमीच्या त्या पत्रातल्या आवाजात सुरुवात केली, "उपरोक्त विषयास अनुसरून" – आणि अडकले. पाणी प्यायले. मग घरातल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पट्टे कधी मारलेच नव्हते. मार्च संपत होता, वरून सांगितलं सही कर, मी केली. जाऊन पाहिलं नव्हतं. आता पाहिलंय."

वरिष्ठ म्हणाले, "यांची तब्येत बरी नाही."

"माझी तब्येत उत्तम आहे. हे आजोबा पडले ते आमच्यामुळे. क्रॉसिंग पाहिजे होतं तिथे, आणि नव्हतं. त्यांच्या चुकीचा प्रश्नच कुठे येतो?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वकीलसाहेब माझ्या कानात म्हणाले, "अहो, हा मुद्दा माझ्या डोक्यात कसा आला नाही?" मला पुढचं काही ऐकू येत नव्हतं. मी चार माणसांत रडत होते, आणि शिट्टीबाई पदराने माझं नव्हे, स्वतःचं नाक पुसत होत्या.

१ जुलै

निलंबन. हे घरी आहेत. सकाळपासून कपाट आवरतात. विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "सवय नाही, एवढंच."

१२ जुलै

निकाल आला. आजोबांना भरपाई खात्याने द्यायची. आणि आज बाजारासमोर पट्टे मारले, खरेखुरे, पांढरेशुभ्र. आजोबा काठी टेकत आले. "त्या दिवशी खोटं बोललो मी," म्हणाले. "पण वर्णन बरोबर निघालं की नाही?" निघालं होतं. अगदी तेवढेच रुंद.

रंग ओला होता म्हणून चारी बाजूंनी दोरी बांधली होती. आज कोणालाच पलीकडे जाता आलं नाही.

१६ जुलै

अक्षर वेगळं आहे कारण हात वेगळा आहे. ही पडल्या पडल्या सांगते आहे, मी लिहितो आहे.

काल ही पट्ट्यांवरून जात होती. एक स्कूटरवाला पट्टे बघून थांबला. बाजारासमोर आजवर कोणी थांबत नसे, त्यामुळे मागच्या गाडीला ते अपेक्षित नव्हतं. त्या गाडीने स्कूटरला धडक दिली, स्कूटरने हिला. उजवं मनगट मोडलं आहे. बाकी ठीक आहे. ही म्हणते, लिहा, स्कूटरवाला थांबला होता, ते महत्त्वाचं. लिहिलं.

गाड्यांसाठी क्रॉसिंगच्या अलीकडे सूचनेची पाटी हवी, असा अर्ज उद्या द्यायचा आहे. संस्थेच्या वतीने मी सही करायची, असं ही म्हणते.

मागची पानं वाचायची नाहीत, असंही म्हणते. मी हो म्हटलं.

आता झोप लागली आहे तिला. सगळी पानं वाचली.