बारशीचा उपास

महाराज, तुमचा तो एक उपास आम्हाला केवढ्याला पडला ते आधी मांडतो. एका आईचा दिवसाचा रोज बुडाला. संस्थेतला सगळ्यात मोकळा गळा गेला. आणि त्या वस्तीतून पुन्हा एकही पोरगा आपल्याकडं कीर्तन शिकायला आला नाही. तुम्ही फक्त एक वेळचं जेवण सोडलं होतं.

त्या दिवशी बारस होती. एकादशीचा उपास बारशीला सोडायचाच असतो, पारणं चुकवलं तर केलेला उपासही वाया, हे तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलेलं. माझा जोडीदार, माझ्या शेजारी ज्याची वळकटी असायची तो, गावाबाहेरच्या वस्तीतला. पोराला संस्थेत घेतलं याचा त्याच्या आईला आनंद, म्हणून ती पारणं घेऊन आलेली. डोक्यावर भाकरीची दुरडी, हातात शेंगदाण्याच्या आमटीचं भगुनं. त्या वस्तीतून आपल्याकडं शिधा यायचा. ज्वारी, डाळ, गूळ, सगळं कोरडं. शिजवलेलं अन्न त्या दिवशी पहिल्यांदा आलं. तुम्ही ओट्यावर बसलेले, आणि शेजारी संस्थेला जमीन देणारे पाटील. तुम्ही दुरडीकडं पाहिलं, पाटलांकडं पाहिलं नाही, आणि म्हणालात, "पोरांनो, तुमी जेवा. मला आज उपास हाय."

माझे कान तेव्हापासूनच तिखट. मृदंगाची शाईची बाजू जरा सुरातून उतरली तर मला खोलीबाहेरून कळायचं. तुमचा आवाज त्या वाक्यात खाली बसला होता. मी आपला बोलून गेलो, "महाराज, आज तर बारस हाय." तुम्ही म्हणालात, "पंचांग तू शिकवतो का बे मला?" सगळे हसले. ती बाई हसली नाही. ती पोरांना वाढत राहिली, आम्ही पोटभर जेवलो, आमटी लई झकास झालेली. जोडीदार मात्र नुसता भाकरीचा पापुद्रा सोलत बसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला पितळी टाळांची जोडी दिली, नवी कोरी. इतक्या वर्षांत कुणाला दिली नव्हती, त्यालाच कावून दिली? मला तेव्हाच ती देणगी खटकली. त्यालाही खटकली असावी, कारण आठवड्याच्या आत तो संस्था सोडून गेला आणि टाळ खुंटीला तसेच राहिले.

त्या संध्याकाळी तुम्ही कीर्तनाला उभे राहिलात आणि देवाच्या दारी सगळे सारखे, यावर इतकं सुंदर बोललात की बाया डोळे पुसत होत्या. मी मागं बसून विचार करत होतो, हा माणूस कुणाला समजावतोय? आम्हाला की स्वतःला? तेव्हापासून मला ही खोड लागली. कुणी फार गोड बोलायला लागलं की मी शब्द सोडतो आणि आवाज ऐकतो. धंद्यात तिचा उपयोग झाला, हे खरं. आज चौसाळ्यात माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, गाड्या आहेत, माणसं आहेत. तुमच्या पुण्यतिथीच्या सप्ताहाला मंडप माझाच असतो आणि संस्थेच्या कमिटीतही मला घेतलंय. का घेतलंय तेही मला कळतं, मंडप फुकट मिळतो.

जोडीदाराचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. काम करताना गुणगुणतो. मी जवळ गेलो की थांबतो.

त्याची आई आता पार वाकलीय. यंदा सप्ताहाच्या आधी तिनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, एकदा बारशीचं पारणं माझ्या हातचं होऊ दे. मग मी डोळे मिटायला मोकळी." मी कमिटीत विषय काढला. दर साली पारण्याचा स्वयंपाक ठरलेला आचारी करतो. एकजण म्हणाला, वस्तीनं शिधा द्यावा, शिधा चालतो की. मी उठलो. तुमच्याच कीर्तनातलं तुमच्याच ठेक्यात असं बोललो, की बैठकीत कुणाला तोंड वर करवेना. अध्यक्ष तुमचे पुतणे. ते एवढंच म्हणाले, "बघू." आवाज तुमच्यासारखाच खाली बसलेला. मी आशा सोडली होती. पण एकादशीच्या दुपारी त्यांचाच फोन आला, म्हातारीला तयारी करायला सांगा म्हणून.

बारशीला वस्तीतल्या बायांनी चुली मांडल्या. म्हातारी खुर्चीवर बसून आमटीत मीठ सांगत होती. पंगत बसली. मी वाढायचं सोडून एकेकाचे हात बघत उभा होतो, कुणाला उपास निघतोय का ते. एकाला शुगर निघाली, एकाला ॲसिडिटी. तुमचे पुतणे जेवले, दोनदा आमटी घेतली. तरी मला वाटतच राहिलं, यात काहीतरी आहे.

जेवणं उरकल्यावर म्हातारीनं माझा हात धरला. "यंदा कावून ऐकलं रे त्यांनी?" मी म्हणालो, "मावशी, मी बोललो ना बैठकीत." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

हे तुम्हाला लिहून ठेवतोय, टाकायला पत्ता नाही. समाधीपाशी ठेवलं तर पुजारी आधी वाचील, आणि तिच्या कानावर जायला वेळ लागणार नाही. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्याच संध्याकाळी गेवराईला एका लग्नाचा मंडप सोडायला गेलो होतो. आपला ठरलेला आचारी तिथं कढया धूत होता. म्हणाला, लग्नाची सुपारी मोठी होती, म्हणून अध्यक्षांना एकादशीला सकाळीच कळवलं, पारण्याला येणं होत नाही.