दाजींचा रेडिओ आणि दुसरा राउटर

काळाचौकी,
१२ जानेवारी २०२५

चि. विकास यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

गुडघा कसा आहे? स्टुलावर चढून वायरी ओढायचं तुझं वय राहिलं नाही हे मी मागेच बोलले होते. तेव्हा तू म्हणालास की स्टूल तुला ओळखतं. आता भोग, तीन आठवडे जिना बंद. फोनवर बोलता आलं असतं, पण पस्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाच्या घरात कामाची गोष्ट कागदावरच यावी लागते, हा तुझ्या दाजींचा कायदा. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तर ऐक. आपला राजरत्न पुण्याहून दोन दिवस आला आणि नवा राउटर बसवून गेला. माझा मोबाईल भरभर चालतो. शेजारची पूर्वी नावाची पोरगी गॅलरीतून ओढलेल्या आपल्याच वायरीवर असते, तीही खूश. पण यांचा रेडिओ मुका झाला. तू बारा वर्षांपूर्वी आणलेला, इंटरनेटवर चालणारा तो. त्याला नवा राउटर दिसतच नाही. आईबापाला नवं काहीतरी द्यायची पोराला हौस. भंगारात द्या म्हणाला आणि बोलल्यावर चालणारा स्पीकर ठेवून गेला. हे त्याला बातम्या लाव म्हणाले तर त्याने पुरणपोळीची कृती सांगितली. मग यांनी त्याला टपालाच्या सॉर्टिंगमध्ये वापरायचे ते खास शब्द ऐकवले, त्यावर तो म्हणे आणखी काही मदत करू का!

पण हसण्यावारी नेऊ नकोस. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यापासून यांना चहा मी देते, चपला मी शोधते, फोन मी लावते. त्या रेडिओची चार बटणं तेवढी यांच्या बोटांना पाठ आहेत. पहिलं बातम्या, दुसरं जुनी गाणी, तिसरं धम्मप्रवचन, चौथं क्रिकेट. अख्ख्या दिवसात कुणाला न विचारता ते एवढं एकच काम करत होते. गेले नऊ दिवस खुर्चीत गप्प बसून असतात, ते मला बघवत नाही. नव्या रेडिओंना बटणंच नसतात, नुसती गुळगुळीत काच, तेव्हा दुसरा घ्या असं सुचवू नकोस. हाच चालू व्हायला हवा.

माया आहेच, तुझ्या बडबडीसकट.
तुझी मालनताई


डिलाईल रोड,
१५ जानेवारी २०२५

ती. मालनताई आणि दाजी यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. दोष रेडिओचा नाही, हे पहिल्यांदा राजरत्नला कळव. इंजिनिअर लोकांना नवं लावता येतं, जुनं चालवता येत नाही. नवा राउटर नव्या पद्धतीचं कुलूप लावतो आणि रेडिओकडे चावी जुनी. नव्याचं कुलूप सैल करता येईल, पण मग घरातलं सगळंच उघडं पडेल. म्हणून मी म्हणतो, नवा आहे तिथे राहू दे आणि जुना राउटर त्याच्या जोडीला लाव, एकट्या रेडिओसाठी.

माळ्यावरच्या खोक्यात जुना असेल. राजरत्नने फेकला असेल तर मला कळव, मी त्याच्याकडे बघतो. त्याचा अॅडॉप्टर बारा व्होल्टचा आहे. नऊचाही तिथेच पडलेला असेल आणि दोन्हींची पिन सारखीच, लोक तिथेच मार खातात. भिंग घेऊन अंगावरचं बारीक वाच. राउटरच्या मागे एक निळी खाच आणि चार पिवळ्या. निळीत काही घालायचं नाही. वायरीचं एक टोक जुन्याच्या पहिल्या पिवळीत, दुसरं नव्याच्या कुठल्याही मोकळ्या पिवळीत. बसली की टक् असा आवाज येतो. आवाज आला नाही म्हणजे बसली नाही, मग उगाच डोळे वटारून बघत राहू नकोस, परत घाल.

आणि मागचं रिसेटचं बारीक भोक. त्याला काडी, सुई, टाचणी काही लावायची नाही! रेडिओच्या पट्टीवरची अक्षरं आता उमटत नाहीत, तेव्हा त्याला नवं नाव नि पासवर्ड शिकवायची सोय उरलेली नाही. त्याला जे पाठ आहे ते जुन्या राउटरच्या पोटात जसंच्या तसं राहायला हवं.

दाजींना वाचून दाखवशील म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. राउटर म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राला खोली नंबर देणारा माणूस. मोबाईलला एक, रेडिओला एक. सगळा बटवडा त्या नंबरावर चालतो.

मी हे कुठल्या क्लासात शिकलो नाही. लॅमिंग्टन रोडला सतरा वर्षं लोकांची बिघडलेली यंत्रं उघडून शिकलो. लिहिलंय तसं केलंस तर चुकायला जागाच नाही.

कृपादृष्टी असावी, आणि भिंगही हाताशी.
तुमचा विकास


काळाचौकी,
२० जानेवारी २०२५

चि. विकास यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

चुकायला जागा होती.

शनिवारी तू लिहिलंस तसं सगळं केलं. बारा व्होल्ट वाचलं, निळी सोडली, पिवळीत घातली. टक् झालेलं मला ऐकू आलं नाही, यांना आलं. यांनी पहिलं बटण दाबलं आणि रेडिओ बोलला रे! हे खुर्चीत ताठ झाले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, जणू कुणी भेटायला आलंय. दहा-अकरा मिनिटं गेली असतील. आवाज तुटायला लागला आणि तेवढ्यात पूर्वी गॅलरीतून धावत आली. तिची नोकरीची मुलाखत चालू होती कॉम्प्युटरवर, पगार किती अपेक्षित आहे असं विचारलं आणि साहेबांचा चेहरा तोंड उघडं ठेवूनच थिजला. परत जोडलं, परत गेलं. माझाही मोबाईल बंद. तिच्याकडे बघवेना. मी वायर उपटली. रेडिओ गप्प.

यांनी तिची माफी मागितली. मला म्हणाले, तो राउटर माळ्यावर ठेवून दे, पोरीच्या नोकरीपुढे माझ्या बातम्यांचं काय एवढं. विकासला लिहू नकोस, त्याला लागेल.

पण संध्याकाळी तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं, दोनदा. खोली नंबराशी थांबवलं आणि विचारलं, म्हातारा राउटरही नंबर वाटतो आणि नवाही वाटतो का? म्हाताऱ्याला कुणी सांगितलंय का की आता दुसरा माणूस आलाय? त्यांच्या टपाल वाटायच्या पहिल्याच बीटवर एक चाळ होती म्हणे. मालकाच्या माणसाने एका बाजूने नंबर टाकलेले, भाडेकरू संघाने दुसऱ्या बाजूने. चौदा नंबरच्या खोल्या दोन. एका चौदाचं लग्नाचं आमंत्रण दुसऱ्या चौदाला गेलं आणि ती मंडळी आहेर देऊन, जेवूनही आली. शेवटी यांनीच दोघांना समोरासमोर बसवून एकाला नंबर टाकणं सोडायला लावलं.

विचार म्हणाले, म्हणून लिहिते. पूर्वीला कंपनीने शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. तोवर मी वायरीला हात लावणार नाही.

राग नाही, असं समज.
तुझी मालनताई


डिलाईल रोड,
२२ जानेवारी २०२५

ती. ताई आणि दाजी यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

दाजींचं बरोबर आहे.

हे तीन शब्द लिहायच्या आधी मी चार कागद फाडले. एकात वायर जुनी असेल असं होतं, दुसऱ्यात तुमच्या चाळीची वीज कमीजास्त होते असं. तिसऱ्यात तुझ्यावरही थोडं ढकललं होतं, ते विचारूही नकोस. खरं इतकंच की रिसेटला हात लावू नका हे बजावण्याच्या नादात, जुना राउटर अजून स्वतःला घरचा एकटाच कारभारी समजतोय, हे माझ्या डोक्यातून गेलं. त्याचा स्वतःचा नंबरही नव्यासारखाच. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं.

शुक्रवारची मुलाखत होऊ दे. मग पूर्वीला वेळ असेल तर तिच्या लॅपटॉपवर हे करून घे. जुना राउटर नव्यापासून तोडायचा, लॅपटॉप वायरीने एकट्या जुन्याला जोडायचा. त्याच्या सेटिंगच्या आत गेल्यावर आधी त्याच्या स्वतःच्या नंबराचा शेवटचा आकडा एकचा दोन करायचा, जतन करायचं, नव्या नंबराने परत आत जायचं आणि मग त्याचं नंबर वाटणं बंद करायचं. क्रम हाच. उलट केलं तर दाराबाहेर राहाल. नंतर वायर पुन्हा त्याच पिवळीत.

तीनदा तपासलंय. एकदा घरी तसेच दोन राउटर मांडून पाहिलं, पाय खुर्चीवर ठेवून. पूर्वीसाठी वेगळी चिठ्ठी जोडली आहे. तिची माफी मी त्यातच मागितलीय, माझ्या वतीने तू मागायची नाहीस.

रागवून झालं असेल तर आधीसारखंच असू द्यावं.
तुमचा विकास


काळाचौकी,
२८ जानेवारी २०२५

चि. विकास,
आशीर्वाद. जयभीम.

अक्षर लागलं नाही तर मालनला विचारू नकोस, तिला या पत्राचं माहीत नाही. पट्टी धरून लिहितोय. पट्टी सरकते तिथे ओळ चढलेली असेल, चालवून घे. पूर्वी पेटीत टाकेल. तिची शुक्रवारची मुलाखत न तुटता झाली, निकाल यायचा आहे. तुझी चिठ्ठी तिने मला वाचून दाखवली. बरी लिहिलीस.

शनिवारी दोघी बसल्या. पूर्वी करत होती आणि मालन तुझं पत्र तुझ्याच आवाजात वाचत होती, क्रम हाच, क्रम हाच. अर्ध्या तासात झालं. तीन दिवस रेडिओ चालू आहे आणि कुणाचं काही तुटत नाही. मालनने सगळ्या मजल्याला सांगितलंय.

तुला लिहायचं कारण वेगळं. रेडिओ बंद होता त्या दिवसांत मालन तिच्या मोबाईलवर मला काही ना काही लावून द्यायची. हौसेने लावायची, म्हणून संपेपर्यंत ऐकायचो. नको म्हणायलासुद्धा तिला हाक मारावी लागली असती, आणि ती पिठाच्या हाताने आली असती.

आज दुपारी ती शिवाजी पार्कला मैत्रिणीकडे गेली. मी चौथं बटण दाबलं. समालोचक फार बोलत होता. दुसरं दाबलं, गाणं चांगलं होतं पण ऐकावंसं वाटेना. मग बंद केला. खोली शांत झाली, मी केली म्हणून.

जिना चढता आला की ये.
शामराव