तिकीट नसलेली पाकिटं

सर, तुमचं ते गाव खरं निघालं. मोबाईलच्या नकाशावर बोट सरकवत मी तिथवर पोचले, तेव्हा आधी मोबाईलवरच संशय घेतला. पण वर्गाच्या भिंतीवर तुम्ही रंगवलं होतं तसंच सगळं होतं. पूर्वेला जंगलाची टेकडी, उत्तरेला रेल्वे, दक्षिणेला काचेचा कारखाना आणि पश्चिमेला ओढा, ज्याच्या पलीकडे जर्मनी. कुठलंही गाव तुम्ही खरेदीखतात लिहितात तसं चतुःसीमेनं शिकवायचात. आधी गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावची चतुःसीमा, मग तालुक्याची, आणि तिथून उडी थेट चेक देशाच्या त्या टोकाला, जिथे तुमचा पत्रमित्र तुमच्यासारखाच भूगोल शिकवायचा.

तुम्ही सांगायचात की दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन बोलणाऱ्यांना घरदार सोडून ओढ्यापलीकडे जावं लागलं, आणि रिकाम्या घरांत दुसरीकडून आलेली माणसं राहू लागली. तुमच्या मित्राच्या आईनं पहिला स्वयंपाक परक्या बाईच्या भांड्यांत केला होता. मी आठवीत होते. घरी बाबांना विचारलं तर ते जेवता जेवता म्हणाले, "गावच्या गाव असं खाली होते काय? मास्तर फेकून राहिला." पूर्वी आपल्याकडे त्या मुलखातूनही काचेच्या बांगड्या यायच्या, असं तुम्ही सांगितलंत, म्हणून मी आठवडी बाजारात बांगड्यावालीला विचारलं. ती म्हणाली, "कोणता देश वो बाई? आमचा माल फिरोजाबादचा." माझ्यासारखीला एवढं पुष्कळ होतं. आज मी जमीनमोजणीच्या खात्यात आहे. लोकांच्या शेतांच्या धुऱ्यांवर, बांधांवर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. तेव्हा मी तेच काम फुकट करत होते.

एक दिवस तुम्ही मित्राची पाकिटं वर्गात फिरवलीत. एकावरही तिकीट नव्हतं. मी उभी राहून विचारलं, "सर, तिकिटाबिगर पत्र आलं कसं?" तुम्ही हसून म्हणालात, "हिला मायनं वाढलेल्या भातावरही संशय येईल." वर्ग खदखदून हसला. तुम्ही गमतीनं म्हणालात हे आता कळतं. तेव्हा कान तापले होते आणि दुपारचा डबा मी तसाच घरी नेला.

मग मुख्याध्यापकांकडे तो निनावी अर्ज गेला: भूगोलाचे सर मनानं गाव रचून शिकवतात, पाकिटं घरीच तयार करतात. सर, तो अर्ज मी लिहिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चित्रकलेच्या सरांनी शिकवलेल्या ठळक, चौकोनी अक्षरांत लिहिला. त्याचं काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी तुम्हाला पुरावा मागितला. तिकिटाविना पाकिटं काय सिद्ध करणार? तुमचा भूगोल काढून घेतला, भिंतीवरच्या गावाला चुना लागला. आणि तुम्ही ती अक्षरं पाहिलीत. मधल्या सुट्टीत रोज ज्यांच्यासोबत एका बशीत मुरमुरे खायचात, त्या चित्रकलेच्या सरांशी त्या दिवसापासून बोलला नाहीत.

गेल्या आठवड्यात तुमच्या मुलीनं तुमच्यामागे घर आवरताना सापडलेला पाकिटांचा गठ्ठा मला आणून दिला. "बाबा म्हणायचे, तुम्ही सगळ्यात हुशार," ती म्हणाली. हेही मला सरळ वाटलं नाही. हुशार म्हणजे काय म्हणायचं होतं तुम्हाला? तुम्हाला ठाऊक होतं का? ती गेल्यावर मी माझी आठवीची भूगोलाची वही काढली. चतुःसीमा बिनचूक लिहिली की तुम्ही एकेकाला परदेशी तिकीट बक्षीस द्यायचात. मला मिळालेलं तिकीट अजून वहीत होतं, त्यावर शिक्क्याची अर्धी गोल रेघ. तेव्हा मला वाटायचं, गोंदियाच्या दुकानात अशी तिकिटं पुडीनं मिळतात, तिथूनच तुम्ही आणता. मी एकेका पाकिटाच्या कोपऱ्यावर ते ठेवून पाहू लागले. पाचव्या पाकिटावर शिक्क्याचा गोल पूर्ण झाला आणि गावाचं नाव वाचता आलं.

म्हणजे पुरावा आमच्याच वह्यांत होता. मुलांकडून चार तिकिटं परत मागितली असती तर तुम्ही सुटला असतात. दिलेलं मागायचं नाही, हा तुमचा हट्ट. मला तुमचा राग आला सर, आणि मग फार रडू आलं. तरीही सांगते, रडून झाल्यावर मी भिंग आणून पाहिलं की गोलाची रेघ कुणी हातानं तर जोडली नाही ना.

काल मी नवेगाव बांध या गावी चित्रकलेच्या सरांकडे गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. पाकीट आणि तिकीट पर्समध्ये होतं. ते अंगणात बाजेवर बसले होते. तुमचा विषय त्यांनीच काढला.

"मरेपर्यंत तो माझ्याशी काऊन बोलला नाही, मले अजून समजलं नाही. मी त्याचं काय केलं होतं? तुले मालूम आहे काय, बाई?"

त्यांची सून चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला.

"नाही जी," मी म्हणाले.

तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच मला एवढं लिहिता आलं. ज्यांना ते पोचू शकतं त्या चित्रकलेच्या सरांचा पत्ता मला पाठ आहे. कोरं पाकीट आणलंय. त्यावर अजून तिकीट लावलेलं नाही.