डॉक्टरांच्या दगडाला भंडारा

पुणे, १२ मार्च १९५४

आये, तुझ्या पायावर डोकं ठेवतो. मी हितं बरा हाय. खोकला हाय, पर लई न्हाई.

बयाक्कानं कळवलं, की डॉक्टर मिनेझिसांच्या नावानं आपण देवळामागं मांडलेला दगड पाटील काढायला सांगत्यात. किरिस्तावाला भंडारा कशाला, म्हणत्यात. दगड हलवू नको.

काल म्या हितं डॉक्टरांची कबर हुडकली. तू बांधून दिलेला भंडारा क्रुसाला लावला. पाद्रीबाबा धावत आले, "हे काय फासलंस?" म्या म्हणलं, "आमच्यात देवमाणसाला असाच मान देत्यात." त्यांनी पुसायला फडकं दिलं. म्या न्हाई पुसलं. रविवारी पुन्ना लावणार हाय.

पटकीच्या साथीत पाटील आपल्या वाडीत फिरकले न्हाईत. डॉक्टर वेल्ह्यापास्नं चालत आले. आबांची घाण सोताच्या हातानं काढली. जात इचारली न्हाई. आबा उठून बसल्यावर फी म्हणून तुझ्याकडं तांब्याभर ताक मागितलं. इसरलीस का?

कपिली व्याली का? व्याली असंल तर पयला खरवस त्या दगडाला दाव. आन मागच्या वाटंनं जाऊ नको. पाटलांच्या दारावरनं जा.

तुझा लेक,
बिरू