दगडावर बसणाऱ्याचा हक्क

२ जून
म्युझियमला रंग लागतोय. एकवीसला नव्यानं उद्घाटन. आमच्या प्रमुख ओल्फाबाई म्हणाल्या, प्रत्येक वस्तूला नवी पाटी लागणार आणि ती कुणाला सापडली तेही लिहिणार. तनितदेवीचा दगड! कार्थेजच्या काळातला, आमच्या विहिरीवरचा. वीस वर्षं मी त्याच्याच शेजारी पहारा देतोय. अखेर न्याय.

संकल्प: गर्व करायचा नाही.

३ जून
कॅफेत सांगितलं. फक्त चौदा जणांना. हेदी न्हावी म्हणाला, अरे, तू तेव्हा सहा वर्षांचा होतास ना? म्हटलं, मग? हुशारीला वय लागतं का? त्यानं चहात आणखी एक चमचा साखर घातली. जळतो.

५ जून, दुपारी
बाईंना हकीगत लिहून द्यायची आहे. पहिला मसुदा: 'मी उत्खनन केले.' खोडलं. जरा जास्त होत होतं.

खरं ते असं. थोरली बहीण शादलिया, आम्ही तिला लल्ला म्हणतो, तिच्या लग्नाच्या गाद्यांची लोकर धूत होती. मी दगडावर बसलो होतो. तिला त्याच्यावर लोकर बडवायची होती. तिनं मला उठवलं, दगड डुगडुगतो म्हणून उलटवला, तर मागच्या बाजूला देवीची खूण कोरलेली: खाली त्रिकोण, वर गोल, पसरलेले हात. म्हणजे दगडाशी पहिला संबंध माझा. मी बसलो नसतो तर तो डुगडुगलाच नसता.

अंतिम मसुदा: 'लझर बिन सालह यास बालपणी सापडला.' बारकाव्यांनी लोक कंटाळतात.

९ जून
बाईंनी कागद वाचला. विचारलं, तिथे आणखी कुणी होतं का? म्हटलं, एक बकरी.

१२ जून
हेदीकडे केस कापायला. कात्री चालवता चालवता म्हणाला, काल ओल्फाबाई तुझ्या लल्लाकडे दोन तास बसल्या होत्या, अंडं घालून तळलेलं गरम गरम ब्रिक खाल्लं. पत्ता कुणी दिला? यानंच! एवढ्या वर्षांची मैत्री आणि असा दगा! ताडकन उठणार होतो, पण अर्धंच डोकं झालं होतं.

संकल्प: हेदीशी जन्मात बोलायचं नाही. उरलेले केस झाल्यापासून लागू.

१३ जून
लल्लाला जाब विचारला. मिरच्या निवडत होती. म्हणाली, बाईंनी विचारलं, मी सांगितलं, खोटं बोलू का? म्हटलं, सख्खी बहीण असून पाठीत वार केलास. ती म्हणाली, लझऱ्या, तुला उठवलं म्हणून तू भोकाड पसरलं होतंस, ते मी सांगितलं नाही हं. जेवून जा.

जेवलो नाही. थोडंच जेवलो. डबा तिनं बळंच दिला. मन फार दुखावलंय.

२० जून
संकल्प: उद्या आजारी पडायचं.

२१ जून, सकाळी ७
जमलं नाही. बायकोनं इस्त्रीचा गणवेश समोर ठेवला, म्हणाली, नाटकं पुरे. कानामागे जाईच्या कळ्यांचा तुरा खोचलाय. पाटी अजून कापडाखाली आहे. बाईंना शेवटच्या क्षणी पटलं असेल.

२१ जून, संध्याकाळी
पाटी: 'शादलिया बिन्त सालह हिला सापडला, १९७४.' माझं नाव नाही. बकरीचंही नाही.

लल्ला आली. ठेवणीतले कपडे, हातावर ताजी मेंदी. दगडासमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, केवढासा आहे रे. मला वाटायचं, खूप मोठा होता. मग म्हणाली, सरकारी माणसं घेऊन गेली त्यानंतर आजच बघतेय.

दोन गल्ल्या सोडून राहते. वीस वर्षांत जर्मन आणले, जपानी आणले, तिला कधी आत आणलं नाही. तिनं ते तक्रारीनं म्हटलं नव्हतं. म्हणूनच लागलं. पण हे तिनं आधी सांगायला हवं होतं, मला काय स्वप्न पडणार?

फोटोच्या वेळी तिनं हाक मारली, लझऱ्या, ये ना, माझ्याशेजारी उभा राहा. मी तुरा नीट केला, निघालो. तेवढ्यात ओल्फाबाईंनी फोन माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, लझर, तुम्हीच काढा, तुम्हाला इथला उजेड माहीत आहे.

काढला. लल्ला हसतेय, दगडही छान आलाय. डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा आहे.