शेऱ्याखालची सही

१२ जुलै

ती. आत्यास, सा. न.

पत्राला उशीर झाला, कान उपटू नकोस. शाळेत लागून महिना झाला आणि माझा घसा पार बसलाय. पाचवीचा वर्ग, बेचाळीस मुलं. मी फळ्याकडे वळले की पाठीमागे बाजार भरतो. काल टेबलावर आपटून आपटून पट्टी मोडली, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या बाकावर एक मुलगी आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात. तिने माझ्या चालण्याची अशी हुबेहूब नक्कल केली की मलाच हसू फुटलं, आणि होता नव्हता तो धाक संपला. मोठ्या बाईंनी बजावलंय, सप्टेंबरअखेर वर्ग ताब्यात आला नाही तर नोकरीत कायम करणार नाहीत. तू तीस वर्षं शिकवलंस. काहीतरी सांग गं, रडकुंडीला आलेय.

तुझी लाडकी (अजून असले तर),
बबडी

१९ जुलै

चि. बबडीस, अ. आ.

हसलीस तिथेच चुकलीस. घसा फोडू नकोस आणि हात तर मुळीच उगारू नकोस. मी जन्मात एकाही मुलाला फटका मारला नाही. एक वही कर. कुणी बोललं की लाल शाईने शेरा लिहायचा आणि खाली घरून सही आणायला लावायची. सुरुवात त्या रेडिओपासूनच कर, बाकीचे आपोआप सुतासारखे सरळ येतील. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, आणि रडू नकोस, वेडाबाई.

तुझी काळजी वाहणारी,
आत्या

३० ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न.

तुझे पाय धुवून पाणी प्यायला हवं! वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. रेडिओ बंद! तिच्या वडिलांची सही दुसऱ्या दिवशी न चुकता येते, इतके जागरूक पालक विरळाच. फक्त बाईसाहेबांनी आता नवीन खोड काढलीय. अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढते, निम्मं लिहून पेन्सिल खाली ठेवते. त्याचेही या आठवड्यात तीन शेरे दिले. मोठ्या बाईंनी दुसऱ्या शिक्षिकांना माझा वर्ग बघायला पाठवलं, बोल!

तुझी गुणी भाची,
बबडी

१८ सप्टेंबर

ती. आत्यास, सा. न.

रेडिओ पाच दिवस आली नाही म्हणून आज तिच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची दिली, अदबीने बोलले. म्हणाले, बाई, तुम्ही निर्धास्त राहा, तुमचा एकही शेरा आम्ही फुकट जाऊ दिला नाही. प्रत्येक शेऱ्याला उजव्या हातावर दहा, मोजून.

ती कोपऱ्यात बसली होती. दोन बोटं सुजून वाकडी झालीत. मोडून महिना होत आला, कुणी दाखवलीसुद्धा नाहीत. मी अक्षराचे शेरे लिहीत होते तेव्हा ती मोडलेल्या बोटांनी लिहीत होती, आत्या. मला बघून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की उद्यापासून नीट लिहीन.

मोठ्या बाई म्हणतात, घरातलं घरात राहू दे, वही फाडून टाक, पुढच्या आठवड्यात तुझी कायम झाल्याची ऑर्डर निघतेय. वही समोर आहे. मला माझीच किळस येते. काय करू?

बबडी

२१ सप्टेंबर

चि. बबडीस, अ. आ.

वही फाडू नकोस. पत्र मिळेल त्या क्षणी मुलीला दवाखान्यात ने, डॉक्टरांकडून लेखी घे आणि वहीसकट पोलिसांकडे जा. अक्षर तुझं आहे, नोकरी जाईल. जाऊ दे. ही युक्ती कुणी शिकवली असं विचारलं तर माझं नाव सांग.

कुणालाच न सांगितलेलं एक सांगते. माझ्या नोकरीच्या दहाव्या वर्षी एका मुलीची आई मधल्या सुट्टीत भेटायला आली. हात जोडून म्हणाली, घरी शेरा पाठवू नका, हवं तर तुम्हीच तिला दोन मारा. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं, मी मुलांवर हात टाकत नाही. आणि तिच्यासमोर शेरा लिहिला.

लोभ ठेववला तर ठेव.
तुझी आत्या